बटणावरचं बोट

श्रीनिवास ताम्हणे कौतुक करायचं असलं की गप्प बसत आणि अपमान करायचा असला की ‘अहो’पासून सुरुवात करत. स्वारगेटजवळच्या त्यांच्या स्टुडिओत ज्यांनी कधी पासपोर्टचे फोटो काढून घेतले होते, त्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. त्यामुळे वैजनाथ गित्तेनं काढलेल्या पहिल्या रोलचे फोटो काउंटरच्या काचेवर मांडून त्यांनी ‘अहो वैजनाथराव’ म्हटलं, तेव्हाच पुढं काय येणार ते वैजनाथला कळलं.

“अहो वैजनाथराव, आपण फोटो काढलेत का डास मारलेत?”

रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण फोटो खरोखरच तसे होते. बागेतल्या झाडांना कडा नव्हत्या. देवळाला कळस दोन होते. वैजनाथची बायको नंदा ठेवणीतलं लुगडं नेसून मुद्दाम फोटोसाठी उभी राहिली होती, तिचं नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. सगळे फोटो खालच्या बाजूला ओढल्यासारखे फरफटले होते.

ताम्हण्यांनी कॅमेरा त्याच्या हातात दिला आणि रिकामाच दाबून दाखवा म्हणाले. वैजनाथनं डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. म्हणजे त्यानं बटणावर बोट आपटलं, आणि पुढच्याच क्षणी विस्तव लागल्यासारखा हात मागे खेचला. कॅमेरा हिंदकळला. ताम्हणे म्हणाले, की हे बटण चावत नाही.

वैजनाथ कसनुसा हसला. त्याचा हात असा का मागे येतो ते त्याला चांगलं माहीत होतं, पण ताम्हण्यांना सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

वैजनाथ मूळचा परळीकडचा. मिसरूड फुटायच्या वयात हडपसरला आला आणि गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रेसवर लागला. प्रेस म्हणजे हत्तीएवढं यंत्र. खालच्या साच्यावर पत्रा ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, की वरचा साचा धाडकन खाली येणार आणि सपाट पत्र्याचा वाकलेला भाग होऊन बाहेर पडणार. दोन बटणं अशासाठी, की दाबणाऱ्याचे दोन्ही हात त्यात अडकून राहावेत आणि कुठलाच हात साच्याखाली सापडू नये. दाबणाऱ्याची काळजी कंपनीनं घेतली होती. समोरच्या बाजूनं पत्रा लावणाऱ्याची काळजी त्यानं स्वतः घ्यायची होती. असं काम वैजनाथनं अर्धं आयुष्य केलं. मग देशात उदारीकरण आलं, कारखान्यात नवी यंत्रं आली, ती चालवायला कंत्राटावरची पोरं आली, आणि जुन्या कामगारांना स्वेच्छेनं निवृत्त होण्याची विनंती झाली. त्यातली स्वेच्छा कुणाची होती ते विचारायची सोय नव्हती. नारळ, शाल, मनगटी घड्याळ आणि साहेबाचं न कळणारं भाषण घेऊन वैजनाथ घरी आला.

निवृत्त झालेल्यांपैकी कुणी रिक्षा घेतली, कुणी फोनचा बूथ टाकला. वैजनाथला फोटोचा नाद होता. सुट्टीच्या दिवशी तो ताम्हण्यांबरोबर लग्नाला जायचा आणि दिवा धरून उभा राहायचा. ताम्हण्यांनी आता स्वतःच फिल्म गुंडाळणारा नवा कॅमेरा घेतला होता. त्यांनी आपला जुना, वजनदार, सगळं हातानं करावं लागणारा कॅमेरा वैजनाथला विकला. फुकट दिला असता, पण फुकटच्या वस्तूला माणूस जपत नाही असं त्यांचं म्हणणं पडलं.

त्या कॅमेऱ्याचं बटण हे एक वेगळंच प्रकरण होतं. बोट ठेवलं की आधी ते थोडंसं पोकळ खाली जाई. मग कुठंतरी अडे. त्या अडण्यापाशी थांबायचं, श्वास सोडायचा, आणि तिथून पुढं बटण दाबायचं नाही, तर बोट नुसतं जड होऊ द्यायचं. ते कधी सुटलं हे आपल्यालाही आधी कळता कामा नये. आणि सुटल्यावर बोट उचलायचं नाही, तिथंच राहू द्यायचं. हे सगळं ताम्हण्यांनी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती.

वैजनाथनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला हे अगदीच उलटं वाटलं. प्रेसवर बटण म्हणजे फटका मारायची गोष्ट, आणि फटका मारला की हात जितक्या लवकर लांब जाईल तितकं बरं. बोट बटणावर ठेवून शांत उभं राहायचं, ही कल्पनाच त्याच्या अंगावर येत होती.

हे शिकणं हौसेचं असतं तर त्यानं वर्ष लावलं असतं आणि कुणाचं काही अडलं नसतं. पण मधे कचरू आला.

कचरू घुगे त्याच्याच भागातला, त्याच्याच कारखान्यातला. प्रेसच्या या बाजूला वैजनाथ बटणांवर आणि त्या बाजूला कचरू पत्रा लावायला, अशी जोडी कित्येक वर्षं होती. निवृत्तीनंतर कचरू एका नव्या आयटी पार्कच्या फाटकावर सिक्युरिटीत लागला होता. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना तो डाव्या हातानं सलाम करी. उजवा हात पँटच्या खिशात असे, कारण उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं नव्हती. साहेब लोकांना वाटे, हा माणूस जरा गुर्मीत आहे.

कचरूची मुलगी उत्कर्षा कॉम्प्युटरचा कोर्स करून एका कंपनीत लागली होती. तिथंच काम करणारा अभिनव नावाचा मुलगा तिला आवडला, आणि नवल म्हणजे तो त्यांच्याच समाजातला निघाला. मुलाची माणसं कर्वेनगरला स्वतःच्या फ्लॅटमधे राहणारी, शिकलेली, बोलायला गोड. लग्न ठरलं. आणि पेढे घेऊन आलेला कचरू वैजनाथला म्हणाला, की फोटो तूच काढायचेस.

वैजनाथनं अंग काढून घ्यायचा खूप प्रयत्न केला. ताम्हण्यांचं नाव सुचवलं, आपला हात अजून बसलेला नाही म्हणाला, मुलीचं लग्न एकदाच होतं म्हणाला. कचरू ऐकेना. दुसरा कुणी नकोच, हे त्याचं पालुपद. मग जाता जाता चपला घालताना, खाली बघत, त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे फोटोत आपला उजवा हात कुठं येऊ द्यायचा नाही. मुलाकडच्यांनी तो अजून नीटसा पाहिलेला नाही, आणि लग्नाच्या अल्बममधे तो कायमचा कशाला. दुसरं म्हणजे कन्यादानाला आपण बसणार नाही, थोरला भाऊ बसेल. कन्यादानात बापाला ओंजळ धरावी लागते, आणि आपल्या ओंजळीत पाणी राहत नाही.

तो गेल्यावर वैजनाथ पेढा हातात धरून बसून राहिला. नंदानं विचारलं तेव्हा काही नाही म्हणाला. त्या हाताविषयी तो कुणाशीच बोलत नसे.

कचरूची बोटं त्याच प्रेसमधे गेली होती. वाकलेला भाग साच्यात अडकला म्हणून कचरूनं तो काढायला हात घातला, आणि वरचा साचा खाली आला. बस, एवढंच. पुढं तपास झाला. कंपनी कचरूवर निष्काळजीपणा ढकलायला टपलीच होती. युनियनच्या लोकांनी सांगितलं, की यंत्रानं आपोआप दुसरा ठोका मारला असं म्हणा. तशी यंत्रं मारतात ठोके, जुनी झाली की. वैजनाथनं तसं सांगितलं, कचरूनंही तसंच सांगितलं, आणि प्रकरण मिटलं.

वैजनाथच्या डोक्यातलं मात्र मिटलं नाही. त्याचे हात त्या वेळी बटणांवरच होते. दिवसभर तेच ते करून हात आपापले चालत, डोकं भलतीकडे असे. मग यंत्रानं ठोका मारला, की त्याच्या हातांनी सवयीनं बटणं दाबली? त्यानं हजार वेळा आठवून पाहिलं आणि दर वेळी वेगळं आठवलं. कधी हात वर असत, कधी खाली. कचरूला विचारायची छाती कधी झाली नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यानं प्रेस चालवली, पण दाबलं रे दाबलं की दोन्ही हात झटक्यानं मागे, छातीपाशी. नव्या पोरांना वाटे ती या म्हाताऱ्याची स्टाइल आहे.

आणि आता त्याच कचरूच्या मुलीचं लग्न त्याच हातांवर येऊन पडलं होतं.

वैजनाथ सरावाला लागला. ताम्हण्यांनी एक युक्ती सांगितली होती. रिकाम्या कॅमेऱ्याच्या माथ्यावर चिंचोका ठेवायचा आणि बटण दाबायचं. चिंचोका पडला की आपण हललो. सकाळी दूध आणून झालं की वैजनाथ गॅलरीत उभा राही आणि समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरी. चिंचोके पडत. शेजारच्या बाईंच्या कुंडीत पडत, खाली वाळत घातलेल्या पापडांवर पडत. नंदाला केरात चिंचोके सापडू लागले आणि तिनं एकदा शांतपणे विचारलं, की कारखान्यात निदान पगार तरी मिळत होता ना? वैजनाथला हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही. लग्नाची तारीख जवळ येत होती. जेवताना, दाढी करताना, बसमधे दांडीला लटकताना त्याचा उजवा अंगठा आणि बोट आपोआप काहीतरी दाबत असे. झोप उडाली. पहाटे जाग आली की पहिला विचार मनात येई तो वाईटच असे.

हळूहळू चिंचोका टिकायला लागला. वैजनाथनं धीर करून दुसरा रोल भरला आणि ताम्हण्यांकडे नेला. ताम्हण्यांनी फोटो दोन ढिगांत वेगळे केले. एका ढिगात झाडं, टाकी, बसडेपो, उभी असलेली सायकल. सगळं स्वच्छ आलं होतं. दुसऱ्या ढिगात माणसं. नंदा पोळी लाटताना, भाजीवाली जुडी पुढं करताना, शेजारच्या घरातला सत्यनारायण. एखाददुसरा सोडून सगळे फरफटलेले, पहिल्या रोलसारखे.

“अहो, माणसं बघून आपल्याला भूकंप होतो का?”

वैजनाथनं दुसरा ढीग पुन्हा चाळला. ताम्हण्यांच्या लक्षात आलं नव्हतं, पण त्याला दिसलं. नंदा नुसती उभी होती तो फोटो ठीक होता. पोळी लाटतानाचा बिघडला होता. प्रत्येक बिघडलेल्या फोटोत कुणाचा तरी हात पुढं आलेला होता. चौकटीत हात दिसला, की त्याचं बोट बटणावर टिकत नव्हतं.

लग्नात सगळे हातच असतात. हळद लावणारे हात, अक्षता टाकणारे, हार घालणारे. वैजनाथ स्वारगेटवरून हडपसरची बस पकडायची सोडून तसाच चालत निघाला आणि पुलगेट येईपर्यंत चालत राहिला. आपण कचरूला नाही सांगून टाकावं, असं त्यानं वाटेत पक्कं केलं. घरी पोचेपर्यंत ते कच्चं झालं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि खरं कारण तोंडातून निघालं नसतं. एवढाच आधार होता, की कन्यादानाला थोरला भाऊ बसणार होता. बाकीच्यांचे हात तो कसेबसे निभावेल. ताम्हण्यांनी आपला फ्लॅशही उसना दिला, आणि सांगितलं की फ्लॅश असला की हात थोडा हलला तरी झाकून जातं, फक्त त्याची वायर जपा, नाजूक आहे.

लग्न हडपसरलाच, कचरूच्या चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत मांडव घालून होतं. सकाळपासून वैजनाथच्या घशाखाली चहाशिवाय काही उतरलं नव्हतं. नंदानं मळलेला शर्ट बदलायला लावला, तो बदलला आणि तोही तासाभरात घामानं भिजला. पण हळद झाली, सीमांतपूजन झालं, फ्लॅश लखलखत राहिला आणि वैजनाथचं बोट झटकत राहिलं. काय येतंय काय नाही ते कळायला मार्ग नव्हता. फिल्मचं तेच तर होतं. अभिनवचा एक मित्र नुकताच अमेरिकेहून आला होता आणि त्याच्याकडे काढलेला फोटो लगेच दाखवणारा छोटासा कॅमेरा होता. तो काढत होता, बघत होता, हसत होता. वैजनाथला त्याचा हेवा वाटला आणि आपल्या कॅमेऱ्याचं ओझं मानेला एकदम जाणवलं.

मंगलाष्टकं संपली, टाळ्यांचा कडकडाट झाला, अक्षता टाकायला आलेली माणसं हार बघायला एकदम पुढं लोटली. त्या रेट्यात कुणाच्या तरी उपरण्याची गाठ फ्लॅशच्या वायरीत अडकली. हिसका बसला. वैजनाथनं बघितलं तर वायर टोकापाशी तुटून लोंबत होती.

त्यानं दातानं वायर सोलून जोडायचा प्रयत्न केला, जमला नाही. मांडवाच्या पिवळ्या कापडातून येईल तेवढा उजेड, त्यावर भागवायचं होतं. म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा सावकाश उघडमीट करायला लावायचा आणि तेवढा वेळ हात दगडासारखा स्थिर ठेवायचा. आता काही झाकून जाणार नव्हतं. तो मनातल्या मनात परळीच्या वैजनाथाला, आपल्याच नावाच्या देवाला, हात जोडत होता, एवढ्यात गुरुजींनी कन्यादानाला मुलीच्या आईवडिलांना बोलावलं.

कचरूची बायको हिरा पाण्याचा तांब्या घेऊन आली. थोरला भाऊ पाटाकडे निघाला. आणि मग कचरूनं त्याच्या खांद्याला डाव्या हातानं धरून थांबवलं, कानात काहीतरी सांगितलं आणि स्वतःच पाटावर जाऊन बसला. हिरा बघतच राहिली. कचरूनं शालीखालचा उजवा हात बाहेर काढला, सगळ्यांच्या समोर, आणि ओंजळ धरली.

मांडवात कुजबुज झाली. अभिनवच्या आईची नजर त्या हातावर गेली आणि तिथंच थांबली. उत्कर्षानं मात्र आपली ओंजळ वडिलांच्या ओंजळीखाली आणून लावली, अभिनवनं तिच्या खाली. हिरानं तांब्या तिरका केला. पाण्याची धार कचरूच्या ओंजळीत पडली आणि दोन बोटांच्या मोकळ्या जागेतून खाली मुलीच्या हातांवर पडू लागली.

वैजनाथनं कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत तो हात होता. मधोमध, प्रेसवर साचा असायचा तेवढ्याच अंतरावर. आणि त्याचं स्वतःचं बोट बटणावर होतं. त्याच्या कानात प्रेसची घरघर सुरू झाली. त्यानं कॅमेरा खाली घेतला. पुन्हा वर केला. पुन्हा बोट बटणावर ठेवलं आणि पुन्हा उचललं. आपल्याला हे जमणार नाही, या हातावर बटण दाबणं आपल्याला या जन्मात जमणार नाही, असं त्याला अगदी स्पष्ट वाटलं आणि रडू यायला लागलं.

गुरुजी मुलाकडचे, पुण्यातले. त्यांनी वर न बघता म्हटलं, की लग्न मुलाशी आहे, कॅमेऱ्याशी नव्हे, आणि तांब्यात समुद्र नाही. आजूबाजूला हशा पिकला. हिराच्या हातातली धार बारीक होत चालली होती.

कचरूनं मान वर केली आणि सरळ भिंगात पाहिलं.

“दाब की वैजू. कशाला भ्यायलास? म्या हात काढत न्हाई.”

वैजनाथनं श्वास सोडला. बटण थोडं पोकळ खाली गेलं, अडलं. त्या अडण्यापाशी तो थांबला. समोर तो हात तसाच होता, वाहत्या पाण्याखाली, जराही न हलता. वैजनाथनं बोट जड होऊ दिलं. कधी सुटलं ते त्याला कळलं नाही, नुसता खटका ऐकू आला. त्याचा हात मागे आला नाही. धार संपली, गुरुजींनी पुढचा मंत्र सुरू केला, माणसं हलली, तरी तो कॅमेरा डोळ्याला लावून आणि बोट बटणावर ठेवून उभा होता. शेवटी नंदानं येऊन त्याच्या दंडाला हात लावला.

पुढचे दिवस कसे गेले ते त्याचं त्यालाच ठाऊक. रोल धुवायला दिले होते. खटका ऐकला म्हणजे फोटो आला असं नव्हे, हे त्याला आता चांगलं कळत होतं. शिवाय आला असला तरी कचरूनं हात येऊ देऊ नको म्हणून बजावलेलं होतं. मांडवात तो म्हणाला ते सगळ्यांसमोर अडल्यामुळं म्हणाला असेल. न आलेला फोटो एक वाईट, आणि आलेला दुसऱ्या तऱ्हेनं वाईट. ताम्हण्यांनी पाकीट पुढं केलं तेव्हा वैजनाथला ते उघडवेना. ताम्हण्यांनीच फोटो काढून काचेवर मांडले. बरेचसे बरे आले होते, काही मंगलाष्टकांच्या वेळचे तिरपे होते. कन्यादानाचा फोटो त्यांनी वेगळा काढून समोर ठेवला आणि ते काहीच बोलले नाहीत.

पाण्याची धार तेवढी धुरकट आली होती. बाकी सगळं स्वच्छ होतं. हातावरच्या रेषा मोजता याव्यात इतकं. बोटं जिथं संपली होती तिथली कातडीची गुंडाळी, तीही स्वच्छ.

रविवारी दुपारी वैजनाथ कचरूकडे गेला. उत्कर्षा कर्वेनगरला सासरी गेलेली, घर रिकामं रिकामं लागत होतं. हिरा आत चहा करत होती. कचरूनं एकेक फोटो बघितला, माणसं ओळखली, कुणाकुणाच्या तोंडाला हसला. सगळ्यात खाली वैजनाथनं तो ठेवला होता. कचरूनं तो हातात घेतला. खूप वेळ त्यानं दुसरं काहीच बघितलं नाही.

वैजनाथला ते सोसवेना. इतकी वर्षं आत राहिलेलं वाक्य त्याच्याही नकळत बाहेर आलं. “कचरू, त्या दिशी प्रेस आपल्याआप आली का मीच दाबली, ते मला अजूक कळलं न्हाई.”

कचरूनं फोटोवरची नजर काढली नाही. “मला कळलंय. म्या तुझ्या हाताकडंच बघायलो होतो. तूच दाबलीस.”

आत कपबशा वाजल्या. वैजनाथला भीती वाटायची ती हीच होती, आणि ती आता घरात त्यांच्यामधे येऊन बसली होती. तपासाला तसं का सांगितलं नाहीस, एवढं त्यानं कसंबसं विचारलं. कचरू म्हणाला, तुझी नोकरी गेली असती, आणि माझी बोटं काही परत आली नसती. मुद्दाम दाबली नाहीस हेही मी बघितलं होतं. हे तो इतक्या साधेपणानं म्हणाला, की वैजनाथला ते ऐकून बरं वाटण्याऐवजी गुदमरल्यासारखं झालं. सगळी वर्षं हा माणूस हे घेऊन आपल्याबरोबर डबा खात होता, आपल्या घरी दिवाळीला येत होता.

“मग फोटोला मलाच का बोलावलंस?”

कचरूनं तो फोटो उजव्या हातानं, उरलेल्या बोटांत धरून त्याच्यापुढं केला.

“दुसरा कोणी असता तर ह्यो हात शालीतून भाईर निघाला नसता. थोरल्याला बसवायचंच ठरलेलं. पण म्हणलं, तुझ्यापासून काय लपवायचं राहिलंय. मोठा करून आण हा. भिंतीला लावायचाय.”

वैजनाथनं फोटो घेतला. घेताना त्याचा हात त्या हाताला लागला आणि या वेळी त्यानं तो मागे घेतला नाही. हिरा चहा घेऊन बाहेर आली तेव्हा दोघं तसेच बसलेले होते, आणि वैजनाथ रडत होता.